भरितावरचा खटला

आबा बोलता बोलता उजव्या हाताचं बोट छातीवर टेकवत आणि म्हणत, "नाव शे तं बठ्ठं शे." नाव आहे तर सगळं आहे. तुमच्याही गावात असा एखादा माजी आमदार असेलच. बारशाला तोच, दहाव्याला तोच, पाण्याच्या टाकीच्या उद्‌घाटनालाही तोच.

आबांची हिवाळ्यातली भरीत पार्टी धुळ्यापासून जळगावपर्यंत गाजलेली. एरंडोलजवळच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत. ती आपण स्वतः सोलतो, ठेचतो, असं आबा सांगत. मी धुळ्यात, देवपुरातल्या एका खासगी शाळेत कारकून. विनोदाची खाज म्हणून एका साप्ताहिकात सदर लिहायचो. त्या वर्षीही मला पार्टीचं बोलावणं आलं नाही. मग लिहिलं, "भरीत आचारी करतो, आबा फोटोपुरतं वांगं धरतात." डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. ती ओळ मोबाइलवरून जामनेरपर्यंत पोचली. लोक आबांना भर सभेत विचारू लागले, "आबा, वांगं धरता का?"

आबांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला टाकला.

शिक्षा झाली तर नोकरी जाणार. माझा सगळा विनोद आटला. दार वाजलं की मी न्हाणीघरात. बायको बाहेरून म्हणायची, "पोस्टमन होता. या आता. सही मी केली."

वकिलांनी बजावलं होतं, "आबांशी एक शब्द बोलू नका. कबुली धरतील."

आणि कोर्टाबाहेर बाक एकच! पहिल्याच तारखेला दुपारी आबांनी शेजारी बसून डबा उघडला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचं भरीत. अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली.

"खा रे भाऊ. घाबरस काय? विष नही टाकेल."

मी नेमका तोच विचार करत होतो. तरी खाल्लं. भीतीनं कोरड्या पडलेल्या तोंडालाही चव आली.

तेव्हा ते छातीवर टेकवायचं बोट जवळून दिसलं. टोकाला भाजल्याचे चट्टे, जुन्यावर नवे.

"रस्ता ठेकेदारनी करा," आबा हळूच म्हणाले. "भाषण दुसरानी लिखं. भरीत तेवढं मी करस. तू तेच खोटं करी टाकं."

'भरीत तुमचंच आहे, आबा,' एवढंच म्हणायचं होतं. खांबाआडून वकील बघत होते. घासाबरोबर मी शब्दही गिळला. आबांनी वाट पाहिली, मग डबा बंद केला.

पुढच्या तारखांनाही डबा यायचा. ते बघायचे, मी मुकाट जेवायचो. पुढच्या हिवाळ्यात मळ्यात पार्टी झाली नाही.

गेल्या तारखेला बाकावर मी एकटाच. आबा गेल्याचं गावाला कळलं होतं, कोर्टाला नव्हतं. शिपायानं दारात येऊन त्यांचं पूर्ण नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. एवढं मोठं नाव, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलं. कोणी उठलं नाही.

मला आत बोलावलं.

"फिर्यादी वारले, साहेब," मी म्हणालो. "आणि भरीत तेच करायचे."

वकिलांनी कोपर मारलं. साहेबांनी मान वर केली.

"काय करायचे?"

"भरीत. स्वतःच्या हातानं."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. "हे लिहायचं का?"



"लिहा," मी म्हणालो.