बॉग म्हणजे काय?

पाटात गाळ साचतो तसे कचेरीत किस्से साचतात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, पण हंगाम संपला की ढीग दिसतो. आमच्या धुळ्याच्या कचेरीत एका हंगामाचा सगळा गाळ एकाच इंग्रजी शब्दाने आणला.

मी इंग्रजी चौथीतून शाळा सोडलेली. हिवतापाच्या कामावर आलेल्या साहेबांना दुभाषा हवा होता आणि शिकलेलं कोणी उन्हात फिरायला तयार नव्हतं, म्हणून मी. ऑर्डर अशी होती की गावाजवळ जिथे ‘बॉग’ सापडेल तिथला पाट बंद करायचा, कारण डास तिथेच होतात. म्हणजे माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला तर एखाद्या गावाचं पाणी जाणार.

*

पहिल्याच दिवशी हेडक्लार्क नानांनी डिक्शनरी काढली. “बॉग म्हणजे दलदल.”

शिपाई भिकाने विचारलं, “दलदल म्हणजे काय, नाना?”

नानांनीही ती कधी पाहिली नव्हती. “अरे, जिच्यात हत्ती रुततो ती.”

भिका म्हणाला, “मग तपासायला हत्तीबी सरकारच देईल ना?”

*

साहेब मूळचे आयर्लंडचे. कॅम्पवर चहा पिताना त्यांनी सांगितलं की हा शब्द त्यांच्या आजीच्या भाषेतला. मुळात अर्थ एवढाच, मऊ. त्यांच्याकडे ती मऊ जमीन विटांसारखी कापतात, वाळवतात आणि चुलीत घालतात.

मी भिकाला समजावलं, “तिकडे चिखल जाळतात.”

भिकाने चुलीतली गोवरी पुढे सारली. मग म्हणाला, “आणि शेणाचं काय करतात? खातात?”

साहेबांनी विचारलं, तो काय म्हणतो? मी म्हटलं, त्याला आश्चर्य वाटलं.

*

एरंडोलकडच्या एका चावडीवर साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगायला लावली. जुन्या काळी तिकडचे लोक बॉगमध्ये लोणी पुरून ठेवत, आणि शेकडो वर्षांनी ते तसंच सापडतं.

गावचे आबा पाटील म्हणाले, “पुरलं कशाला? घरात सून खायची का?”

सगळी चावडी हसली. मला हसू येईना. पाट बंद होऊ शकतो हे मी अजून सांगितलंच नव्हतं. नशिबाने तिथे बॉग निघाली नाही.

*

मग पांझरेकाठचं एक गाव आलं. तिथे भाताचा फड होता, म्हणजे अनेकांची शेतं एका पट्ट्यात, पीक एक आणि पाटही एक. साहेब बूट न काढताच वावरात उतरले आणि घोट्याच्या वर रुतले.

“बॉग,” ते म्हणाले.

ज्यांचं वावर होतं त्या सखूअक्का भाताची रोपं घेऊन बांधावर उभ्या होत्या. मी चाचरत सांगितलं, “अक्का, साहेब म्हणतात, इथलं पाणी हलत नाही. पाट बंद करावा लागेल.”

“कोन म्हनस हालत नही?” अक्कांनी शेतांना पाणी द्यायच्या पाळ्या सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला हाक मारली. “फोड रे बांध.”

साहेबांनी अट घातली. दिवस मावळेपर्यंत पाणी उरलं तर ती बॉग. ते बांधावर बसले. सगळं गाव येऊन मागे बसलं. पाणी इतकं हळू जात होतं की मी तिकडे बघणं सोडून दिलं.

उन्हं कलली तेव्हा वावर काळंभोर उघडं पडलं होतं. फक्त मधोमध दोन खड्डे पाण्याने भरलेले चमकत होते.

साहेबांनी काठीने तिकडे दाखवलं.

अक्का खाली उतरल्या. खड्डे पाहिले, मग साहेबांचे पाय पाहिले. “हाई पानी सायेबना बूटना खड्डामा शे. मना वावरमा नही.”

“काय म्हणते?” साहेबांनी मला विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी बसल्या जागी बूट काढले, उलटे करून त्यातलं पाणी बांधापलीकडे ओतलं आणि मला म्हणाले, “त्या पाटकऱ्याला विचार, पुढची पाळी कुणाची?”