परत सोडलेले मासे

"हलू नकोस! तिथेच बस, मी देतो," विम बोटीतून ओरडला आणि त्याने लांब दांड्याची हातजाळी माझ्याकडे पुढे केली. जाळीत मासा होता. माझ्या हाताएवढा लांब, पाठीवरचा काटेरी पंख उभारलेला. मी ओल्या दगडांवर गुडघे टेकून बसले होते. मी टब पुढे सरकवला. विमने जाळी टबात उलटी केली, दांडा मागे ओढला आणि विचारलं, "आपल्यात दीड मीटर अंतर भरलं का? की टेप आणू?"

मार्च महिना होता. नेदरलँड्समध्ये लॉकडाऊन चालू होता, रात्री संचारबंदी होती, आणि वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी एका छोट्या बोटीत बसायचं नाही असा आमच्या डिपार्टमेंटचा नियम होता. म्हणून विम त्याच्या बोटीत आणि मी क्रिबवर. नायमेखनपाशी वाल नदी चांगली रुंद आहे. दिवसभर तिच्यातून मालवाहू बार्ज जातात. त्यांच्यासाठी प्रवाह मधोमध राहावा म्हणून दोन्ही काठांपासून पात्रात दगडी बांध घातले आहेत. त्यांना क्रिब म्हणतात. दोन क्रिबच्या मधलं पाणी संथ असतं. टोकाशी मात्र भोवरे फिरून फिरून तळाला खड्डे पाडतात.

माझ्या मास्टर्सचा विषय होता स्नूकबार्स. हा इथला शिकारी मासा. वसंतात मादी तळावरच्या घरट्यात अंडी घालते आणि नर त्या जागेवर राखण करत बसतो, कित्येक दिवस हलत नाही. वालमधले स्नूकबार्स अंडी नेमकी कुठे घालतात, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी आधी मासे धरायचे, पाठीला टॅग बांधायचा आणि सोडून द्यायचे. टॅग म्हणजे पेनच्या टोपणाएवढी नळी. ती थोड्या थोड्या वेळाने आवाज करते, पण आपल्याला तो ऐकू येत नाही. नदीत आम्ही ठिकठिकाणी रिसीव्हर सोडले होते. मासा जवळून गेला की रिसीव्हर त्याचा नंबर टिपतो.

एप्रिलपासून जवळजवळ मे संपेपर्यंत स्नूकबार्स धरायला बंदी असते. आदल्या वर्षीचा मार्च पहिल्या लॉकडाऊनमध्ये गेला. माझी स्कॉलरशिप एकदा वाढवून मिळाली होती आणि ती उन्हाळ्यात संपणार होती. म्हणजे होता तो एवढाच मार्च. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्री न घेता परत गेले असते तर घरी कुणी रागावलं नसतं, पण काय झालं ते मला त्यांना समजावून सांगता आलं नसतं.

माझे वडील उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना टब, टॅग सगळं दाखवलं होतं.

"धरायचा आन परत सोडायचा?" दादा म्हणाले. "मग जाळं कशाला भिजवायचं?"

"दादा, तो कुठं जातो ते बघायचंय."

"जातोय कुठं? पाण्यातच असणार की."

आई मागून हसली. मीही हसले.

विम सत्तरीचा होता. निवृत्त वेल्डर, एकटा राहणारा. माझ्या गाईड इंग्रिड यांनी त्याला शोधलं होतं. त्याचा फिशिंग क्लब बंद होता आणि घरात बसून तो कंटाळला होता. पहिल्या दिवशी मी त्याला आडनावाने मिस्टर म्हणाले तर तो म्हणाला, "तसं मला फक्त बँक म्हणते. विम म्हण." मला ते जड गेलं. आमच्याकडे सत्तरीच्या माणसाला कोण नावाने हाक मारतं? मग मी शक्यतो नाव न घेताच बोलायचे. त्याने फुकट वेळ दिला होता, बोट त्याची होती, डिझेलसुद्धा तो स्वतःचं जाळत होता. चाळीस वर्षं तो या नदीत गळ टाकत आला होता. त्याला काही विचारायचं म्हणजे त्याची परीक्षा घेतल्यासारखं वाटायचं.

टबात लवंगेचं तेल मिसळलेलं पाणी असायचं. त्याने माशाला गुंगी येते आणि टॅग बांधताना तो तडफडत नाही. गुंगी आली की मासा पोट वर करून तरंगतो. मी टॅग बांधायचे, लांबी मोजायचे, फोटो काढायचे. त्या दिवसाच्या माशाचं पोट टम्म होतं.

"बघ, बघ!" विम आनंदाने म्हणाला. "अंड्यांनी भरलीय. महिनाभरात घालणार."

मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे अशी मासळी आली की आई आधी गाभोळी बाजूला काढते. मी फोटो इंग्रिडना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. 'सुंदर मादी! अशाच अजून हव्यात.'

मासा दुसऱ्या टबात शुद्धीवर यायला लागला की विम बोट दगडांना लावून तो टब घेऊन जायचा, शेपटीला धरून त्याला पाण्यात सरळ ठेवायचा आणि सोडायचा. मासा खाली गेला की विम मला अंगठा दाखवायचा. तोवर माझी पुढच्या माशाची तयारी चालू असायची. मार्च संपेपर्यंत आम्ही ठरवले होते तेवढे सगळे टॅग वापरले. शेवटच्या दिवशी विमने थर्मासमधली कॉफी एका कपात ओतून दगडावर ठेवली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. मी कप उचलला. आम्ही दोघांनी आपापल्या जागेवरून कप उंच केले.

एप्रिलमध्ये डेटा आला. आमच्या क्रिबपासून खाली, प्रवाहाच्या दिशेने, वाळू काढून झालेला एक जुना खड्डा आहे. आता त्याचं तळं झालंय आणि ते एका तोंडाने नदीला जोडलेलं आहे. माझे बहुतेक सगळे टॅग एकामागून एक तिकडे गेले होते. आणि तिथे गेल्यावर जागचे हलले नव्हते.

"हीच जागा!" इंग्रिड कॉलवर जवळजवळ ओरडल्या. त्यांचा मुलगा मागून डोकावून गेला. "बसलेत बघ घरट्यावर. रूपा, तू शोधलीस जागा!"

मी त्या रात्री दादांना सांगितलं की मासे सापडले. त्यांनी ते शेजारी सांगितलं. मी विमला फोन केला. तो म्हणाला, "चाळीस वर्षं त्या तळ्यावरून गेलो. कधी थांबलो नाही." त्याच्या आवाजावरून तो खूश होता हे कळत होतं. त्याने रॉटरडॅममधल्या मुलीलाही ते कळवलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. राखण नर करतो. मादी अंडी घालून निघून जाते. आम्ही तर म्हणत होतो की आमचे निम्मे मासे अंड्यांनी भरलेल्या माद्या आहेत. मग त्या का हलत नाहीत? मी हे इंग्रिडना विचारलं, पण असं विचारलं की जणू मलाच काही समजलं नाहीये. त्या म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे. कॅमेरा टाकून बघ. थीसिसला घरट्यांचे फोटोही मिळतील."

तोवर विमला लस मिळाली होती आणि डिपार्टमेंटचा नियम थोडा सैल झाला होता. मास्क लावून, बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसायची परवानगी मिळाली. मी विमच्या बोटीत पहिल्यांदाच बसत होते. त्याने माझ्यासाठी फळी धुऊन ठेवली होती.

तळ्याकडे जाताना तो आमच्या क्रिबजवळ थांबला. "तुला माझी जागा दाखवतो," म्हणाला. "कुणाला सांगायची नाही हं. थंडीत सगळे मोठे इथे खाली येऊन बसतात." क्रिबच्या टोकापासून थोडं पुढे त्याने इंजिन बंद केलं. त्याच्या पायाशी फिशफाइंडर होता. बोटीखाली पाणी किती खोल आहे हे तो छोट्या स्क्रीनवर दाखवतो. स्क्रीनवर चौदा मीटर दिसत होतं.

"मासे इथे धरले?" मी विचारलं.

"मग कुठे? काठाला? मार्चमध्ये काठाला फक्त माणसं असतात."

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. शाळेच्या पुस्तकात तिला वाताशय म्हणतात. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. काही मासे वर येताना तोंडातून हवा सोडू शकतात. स्नूकबार्सला ते जमत नाही. खोल पाण्यातून त्याला झटकन वर आणलं की पाण्याचा दाब कमी होतो आणि पिशवी फुगते. पोट टम्म होतं. सोडल्यावर तो थोडा खाली जातो, पण आत दुखापत झालेली असते. बरेचसे नंतर मरतात. म्हणून आमच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं की आठ मीटरपेक्षा खोल पाण्यातला मासा टॅग करायचा नाही. पण प्रोटोकॉल साथीच्या आधीचा होता. त्यात रिसर्चर बोटीत असतो आणि खोली तोच बघतो. रिसर्चरला क्रिबवर बसवलं तेव्हा खोली कोण बघणार, हे कुणीच ठरवलं नाही.

मी कॅमेऱ्याची केबल सोडवायला घेतली. तळ्यावर गेलो. पहिला टॅग ज्या जागी आवाज करत होता, तिथे कॅमेरा खाली सोडला. विम स्क्रीनवर वाकून बघत होता. गढूळ पाणी, मग तळाचा मऊ गाळ. मग पिवळा टॅग. टॅगच्या दोऱ्याला पाठीचा कणा लटकलेला होता.

"घरटं कुठाय?" विमने विचारलं.

दुसऱ्या टॅगपाशी नुसता टॅग होता. तिसऱ्यापाशी कॅमेरा सोडू लागले तेव्हा विमने माझ्या हातातली केबल धरली.

"पुरे," तो म्हणाला. "काय झालं ते सांग."

मी सांगितलं. खोली, पिशवी, फुगलेलं पोट. मेलेले मासे प्रवाहाने खाली आणले आणि तळ्यातल्या संथ पाण्यात ते बसले. राखण करणारा नर हलत नाही आणि मेलेला मासाही हलत नाही. डेटात दोघे सारखेच दिसतात. पिशवी फुगलेला मासा उलटा तरंगतो, पण लवंगेच्या तेलानेही तसंच होतं, म्हणून ते वेगळं वाटलं नाही. आणि वसंत असल्यामुळे फुगलेलं पोट आम्हाला गाभोळीचं वाटलं.

विमने केबल गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "पण मी चाळीस वर्षं तिथूनच काढले. एकालाही काही झालं नाही."

"त्यांना तुम्ही परत सोडायचात?"

"नाही." तो म्हणाला. "घरी न्यायचो. बायको लोण्यात परतायची. ती वारल्यावर मी गळ फारसा टाकलाच नाही, नुसती बोट फिरवायचो. परत सोडतात ती हल्लीची पोरं."

आमच्याही घरात कुणी कधी मासा परत सोडला नव्हता. तो पाटीत पडला की काम झालं. पुढे त्याचं काय होतं हे मलाही फक्त पेपरमध्ये वाचून माहीत होतं. आम्ही दोघेही आयुष्यभर माशांच्या जवळ राहिलेली माणसं, आणि हे एवढंच आम्ही कधी केलं नव्हतं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मला वाटलं तू सांगशील," तो म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं.

त्या दिवशी मी कॉलवर इंग्रिडना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं आणि त्या म्हणाल्या, "फोटो मीही बघितले होते." थोड्या वेळाने त्यांनी रस्ता काढला. अंडी घालायची जागा सापडली नाही, पण खोल पाण्यातून काढून सोडलेल्या स्नूकबार्सचं काय होतं, याचा डेटा आमच्या हातात होता. विषय बदलला. वेळेत थीसिस झाला. मार्क चांगले मिळाले. कमिटीतले एक प्रोफेसर म्हणाले की हा निकाल मूळ प्रश्नापेक्षा उपयोगी आहे. असेल. त्यांना ते मासे टबात दिसले नव्हते.

दादांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मरायचेच होते तर खायचे तरी." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "जाऊ दे. शिकलीस ना काहीतरी?"

थीसिसच्या आभारात मी विमचं नाव पहिलं लिहिलं होतं. छापण्याआधी ते पान त्याला ईमेलने पाठवलं. त्याचं उत्तर दोन ओळींत आलं. तुझं चांगलं झालं याचा आनंद आहे. माझं नाव काढ. मी फोन केला, तेव्हा तो नीट बोलला, हवेबद्दल, मुलीबद्दल. नावाबद्दल म्हणाला, "त्या माशांचे आभार मान, हवं तर." मी नाव काढलं. नंतरच्या मार्चमध्ये मी दोनदा क्रिबवर जाऊन आले. त्याची बोट दिसली नाही. फोन करून विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता मी एका छोट्या फर्ममध्ये काम करते, नदीतल्या माशांच्या मोजणीचं. दर हंगामात नवे व्हॉलंटियर येतात. कुणी तीस वर्षांचा अनुभव सांगतं, कुणी पन्नास. किती वर्षांचा, हे सगळेच विचारतात. मी विचारते, कुठपर्यंतचा. विमचा अनुभव मासा बोटीत येईपर्यंतचा होता आणि माझा तो पाटीत पडेपर्यंतचा. हे विचारताना मला अजूनही संकोच वाटतो, काही जणांना रागही येतो, पण मी विचारते.