बुडबुडा तो बुडबुडाच

माझ्या आत्याला शाळेत सगळे कांदेबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण पिशवीत कांदा टाकल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. ती आम्हाला जीवशास्त्र शिकवायची. कांद्याचा आतला पापुद्रा चिमट्याने सोलायचा, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरायचा, रंग सोडायचा आणि वरून नखाएवढी पातळ काच सुईच्या टेकूने हळूहळू उतरवायची. घाई केली की आत हवा अडकते. मग मायक्रोस्कोपमध्ये जाड काळ्या कडांचे गोल गरगरीत बुडबुडे दिसतात, आणि पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण "दिसली, पेशी दिसली!" म्हणून ओरडतो. आत्या हसायची नाही. "काढ तेच," म्हणायची, "आणि खाली लिही, बुडबुडा."

तिचा कायदा एकच: डोळ्याला दिसेल तेच कागदावर. त्यामुळे आमच्या वर्गाच्या पेशी वाकड्यातिकड्या असत. कुणाचं केंद्रक कोपऱ्यात दडलेलं, कुणाला सापडलेलंच नाही. शेजारच्या तुकडीकडून मात्र पुस्तकातलं चित्र आधीच घोटून घेत. विटा रचाव्यात तशा पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध ठिपका. मार्क अर्थातच त्यांना!

"बाई, मुलांनी काय बघितलं ते परीक्षक विचारत नाहीत. काय काढलं ते बघतात," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग चित्रकलेच्या वर्गात पाठवा की त्यांना."

अशी उत्तरं देऊन कुणाचं भलं झालंय? यंदा मार्क घसरले तर प्रयोगशाळेची किल्ली आणून द्यायची, असं त्यांनी तिला बजावलं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांना घाई होती, म्हणून सकाळीच एक काचपट्टी तयार करून खिडकीशी मायक्रोस्कोपखाली ठेवली होती. दोन्ही तुकड्यांनी रांगेने यायचं, बघायचं आणि जागेवर जाऊन काढायचं. उन्हाने ती काचपट्टी दुपारपर्यंत वाळून कोरडीठाक झाली. माझी पाळी आली तेव्हा आत नुसते बुडबुडे होते आणि कडेला सुरकुतलेली एक पट्टी. पुस्तकातलं चित्र मलाही पाठ होतं, हात शिवशिवलासुद्धा. पण मी बुडबुडे काढले आणि खाली तसं लिहिलं.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"काचपट्टी वाळलीय, सर."

त्यांनी वाकून पाहिलं. "वाळलीय खरी," ते म्हणाले, "पण चित्र पेशीचं मागितलं होतं." आणि माझे मार्क कापले. माझ्या पुढे-मागे शेजारच्या तुकडीच्या मुली होत्या. त्यांनी त्याच वाळक्या काचपट्टीतून सुबक विटा काढल्या आणि पैकीच्या पैकी घेऊन गेल्या. तो संताप अजून माझ्या पोटात आहे.

आमच्या वर्गाचे मार्क पडायचे ते पडलेच. आत्याने किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटली, घरी आली आणि कॉलेजात असताना घेतलेला जुना मायक्रोस्कोप माळ्यावरून काढला. रविवारी तो तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहिला आणि निम्मा वर्ग ओट्याभोवती गोळा झाला. शाळेतली किल्ली गेली तरी कांदे काही संपले नव्हते.

तेवढ्यात माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तणतणत आले.

"ताई, तुझ्या हट्टापायी तुझ्याच भाचीचे मार्क गेले. एक चित्र घोटून घ्यायला तुझं काय जातं?"

"माझं काही जात नाही रे. यांचे डोळे जातात."

"बोलण्यात तुला कोण हरवणार! मुख्याध्यापक भेटले होते. 'हो' म्हण, उद्या किल्ली तुझ्या हातात."

आत्याने ओट्यावरचा कांदा उचलून सोलायला घेतला. मला वाईट वाटलं, कारण तिला ती किल्ली हवी होती. प्रयोगशाळा गेल्यापासून ती वर्गात नुसता खडू घेऊन उभी राहायची आणि हातांचं काय करावं हे तिला कळायचं नाही. आता 'हो' म्हणते की काय, या धास्तीने मी तिच्याकडे बघत राहिले.

"आधी बघ," ती मायक्रोस्कोपकडे बोट दाखवत म्हणाली.

बाबा एक डोळा मिटून वाकले. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. "वा, छान" म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं.

"काय दिसतंय?"

बाबा बराच वेळ तसेच वाकून होते. "काही नाही," ते अखेर चिडून म्हणाले. "नुसता अंधार."

एक जण खुदकन हसला. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने खालची फरशी बघायला घेतली.

"शाबास," ती बाबांना म्हणाली. "हेच जाऊन सांग त्यांना. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' म्हणावं, एवढंच मी शिकवते. तेवढं चालत नसेल तर किल्ली ठेवा म्हणावं, गंज चढू दे तिला."

मग तिने मायक्रोस्कोपखालचा आरसा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. "आता बघ."

बाबा पुन्हा वाकले. त्यांच्यासाठी केलेला चहा गार झाला तरी त्यांची मान वर येईना. शेवटी खालूनच त्यांचा आवाज आला.

"ताई, पेन्सिल दे. यातली मधली पेशी जरा वाकडी आहे."