ताईत काढणारा माणूस

आमच्याकडे सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. नवरा चाकणच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर आहे, आणि तिथली सुट्टी गुरुवारची. त्यामुळे थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत गुरुवारी दुपारी जेवणं उरकली की पडदे ओढले जातात आणि भुताचा पिक्चर लागतो. पिक्चरपेक्षा भांडण मोठं. कुठल्या दशकातली भुतं सगळ्यात चांगली, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही.

सासूबाई ऐंशीच्या दशकाच्या. मावळातल्या त्यांच्या गावात तेव्हा गणपतीत भाड्यानं व्हिडिओ आणायचे आणि अख्खा गाव पटांगणात बसायचा. "त्या टायमाची भुतं बरी हुती," त्या म्हणतात. "यायच्या आधी कुत्रं रडायचं, दार करकरायचं. माणसाला सावध व्हायला सवड द्यायची. आता न्हाई तसं."

नवऱ्याचं म्हणणं, दोन हजार सालानंतरची दहा वर्षं. "अगं आई, हवेलीत मरायला जातंय कोण? भूत फ्लॅटमध्ये आलं, लिफ्टमध्ये शिरलं, तेव्हा खरी टरकली आमची."

मुलगी कॉलेजात जाते, ती अर्थातच आत्ताच्या पिक्चरची. "आजी, आता भूत दिसतच नाही. सगळं नीट चाललेलं असतं. तीच तर भीती!"

मला कुणी विचारत नाही, कारण मी जात्याच भित्री. पण माझी भीती पडद्यावरची नव्हे. नवरा कामावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला की मला वाटतं, कंपनीतूनच आला. मग तो फोन कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा निघतो आणि मी तिच्यावरच खेकसते. आमच्या गल्लीतला दुकानदार पूर्वी प्रेसवर होता. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. तो दुधाची पिशवी पुढे करतो तेव्हा मी उगाच बरण्यांकडे बघत राहते.

एका गोष्टीवर मात्र घरात एकमत आहे. दशक कुठलंही असो, पिक्चरमध्ये एक शहाणा असतोच, जो गळ्यातला ताईत काढून ठेवतो. नवरा मांडीवर थाप मारतो. "गरम होतंय म्हणून ताईत काढतोय, राव! असल्याला भुतानं खाल्लंच पाहिजे." आणि भूत आलं की हाच शूरवीर दोन्ही हातांनी डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघतो.

यंदा खंडेनवमीला कंपनीनं घरच्यांनाही पूजेला बोलावलं होतं. मशिनी बंद, धुऊन पुसून लख्ख, सगळ्यांना झेंडूचे हार. नवऱ्यानं आपलं मशीन दाखवलं. "ही दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, तरच वरचा दट्ट्या खाली येतो. म्हणजे हात बाहेरच राहतात." इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढं हायसं वाटलं की मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्या बटणांचीच पूजा करायला लागले.

एक बटण आत दबलेलं होतं. हार बाजूला केला, तर त्यात लाकडाची पाचर ठोकलेली.

"अहो, हे काय?"

तो हळू आवाजात म्हणाला, "एक हात मोकळा राहतो ना. त्यानं पत्रा सरकवता येतो, माल लवकर होतो. सगळेच करतात."

शेजारच्या मशिनींवरही तेवढेच जाड हार होते. मी ताट खाली ठेवलं. इतकी वर्षं मी फोनला भीत होते, आणि भीती इथे झेंडूखाली बसलेली होती.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. "आरं," त्या म्हणाल्या, "गरम व्हत हुतं म्हणून काढलास व्हय रं ताईत?"

तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही. सासूबाईंनी ती पाचर हलवून हलवून उपसली, पदराच्या गाठीत बांधली आणि मग नारळ फोडायला सांगितला.

"आता नाही लावणार," असं तो परतताना बसमध्ये म्हणाला. गुरुवारी माझा त्यावर विश्वास बसतो. बाकीच्या दिवशी वाटतं, लाकडाच्या तुकड्यांना शेडमध्ये काय तोटा?

काल गुरुवार होता. मुलीच्या पसंतीचा पिक्चर. ना कुत्रं रडलं, ना दार वाजलं. एक बाई नुसती भांडी घासत होती आणि आम्ही चौघं जीव मुठीत धरून बसलो होतो. नवऱ्यानं डोळ्यांवर हात घेतले. मी पडदा सोडून त्याच्या हातांकडे बघत होते. सगळी बोटं होती.

"काय गं," तो फटीतून बघत म्हणाला, "तुझं आवडतं दशक कुठलं, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

"चालू आहे तेच," मी म्हटलं. "हे असंच सरू दे."