विहिरीत अडकले तेव्हा
काल पाण्याची टाकी धुताना गाळाचा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळातली आमची विहीर आठवली. मी अंगाने बारीक, म्हणून बाबा मला दोराने खाली सोडायचे. झऱ्याचं पाणी वाटीने घागरीत भरायचं काम माझं. एकदा कडेची माती ढासळली आणि मी कमरेपर्यंत गाडले गेले. वरून बाबा ओरडले, "हलू नको! माणसं घेऊन येतो. प्रार्थना म्हण, पोरी!" आणि पळाले. घरात प्रार्थना नेहमी तेच करायचे, आम्ही नुसतं आमेन म्हणायचो. मी त्यांची ऐकून पाठ झालेली सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीला अडकले. वरून पुन्हा खडे पडले. मग मी ओरडले, "देवा, बाबा गेले. मी एकटीच हाय. तू हायस का न्हाई, आता सांग!" उत्तर ऐकू आलं नाही, पण माझे दात वाजायचे थांबले. मी वाटीनेच माती उपसायला लागले. माणसं आली तेव्हा एक पाय मोकळा झाला होता. वर काढल्यावर बाबांनी विचारलं, "प्रार्थना म्हटलीस ना?" मी म्हटलं, "म्हटली, पण तुमची न्हाई." त्यांना ते आवडलं नाही. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, असं चर्चच्या वहीत लिहिलंय. असू दे. मी तो त्या विहिरीपासून धरते.