बार्लोबाईंचं निशाण

बार्लोबाईंना कुणी ब्रिटिश म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "ब्रिटिश म्हटलं की त्यात आपले डाक्टर बी आले, स्कॉटलंडचे. मी इंग्लिश हाय, बिलकुल इंग्लिश," असं त्या सुनावायच्या. मराठी त्या बाळंतिणींच्या खाटांशी बसून शिकल्या होत्या, त्यामुळे आमच्या अंबडकडच्या बायांसारखंच बोलायच्या. उंच, हाडकुळ्या आणि शिस्तीला कडक.

जालन्याहून अंबडला जाणाऱ्या सडकेवर मिशनचा दहा खाटांचा दवाखाना होता. बाई तिथल्या मुख्य नर्स आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. एकदा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी मला दिवसभर वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. मी डोळे पुसायला लागले तर म्हणाल्या, "रडू नको. रडायला रविवार हाय." मी त्यांना फार भ्यायचे. त्यांच्यावर माझा जीवही तितकाच होता.

एप्रिलची तेवीस तारीख म्हणजे त्यांच्या मुलखाच्या संताचा, सेंट जॉर्जचा दिवस. त्या दिवशी दवाखान्याशेजारच्या त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यावर पांढऱ्या कापडावर लाल क्रूस असलेलं निशाण लागायचं. बाई छातीवर गुलाब लावायच्या. त्या उन्हात एवढं एक फूल यावं म्हणून महिनाभर आंघोळीचं पाणी त्या झाडाला जायचं. मग सकाळी आठ ते नऊ दार लावून त्या उभ्यानं आपल्या देशाची गाणी म्हणायच्या आणि चहा घ्यायच्या. "वर्षाचे सगळे घंटे तुमचे. हा एक माझ्या मुलखाचा. दार वाजवायचं न्हाई," असा हुकूम होता.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या तेवीस तारखेला मी बंगल्याच्या मागच्या ओट्यावर कपबशा धूत होते. माळी येऊन म्हणाला, "पहिल्या बाळंतपणाची गाडी आलीया दारात. बाईला सांगा." घड्याळात साडेआठ झाले होते. आतून गाण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "बसू दे सावलीला. पहिलटकरणीला वेळ लागतोच."

मी उठून बघायलाही गेले नाही.

नऊ वाजता बाईंनी दार उघडलं, तेव्हा गाडीच्या फळ्यांतून रक्त ठिबकत होतं. त्या धावल्या आणि गाडीतच गुडघ्यांवर बसल्या. मूल मेलेलंच निघालं. पाठोपाठ आईही गेली. नवरा धनगर होता, तरणा पोरगा. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. "पटकीच्या साली सुई टोचायच्या तंबूवर असंच लाल फुलीचं निशाण व्हतं, बाई. ते बघून हितंच थांबलो. म्हनलं, पोचलो." खरा दवाखाना तिथून पन्नास पावलांवर होता, पण त्याची पाटी त्याला वाचता येत नव्हती.

बाईंनी स्वतःच्या हातांनी निशाण उतरवलं.

संध्याकाळी जालन्याहून परतलेल्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, गाडी आल्याचा निरोप कुणाला मिळाला होता? मी मागच्या भिंतीला जाऊन टेकले. बाई इंग्रजीत बोलल्या, पण मला कळलं. "निरोप मला मिळाला होता, मीच उठले नाही," असं त्यांनी स्वतःवर घेतलं. महिन्याच्या आत मिशननं त्यांना परत जायला फर्मावलं. तिकडं त्यांचं असं कुणी उरलं नव्हतं. एकोणीस वर्षांत त्या एकदाच घरी जाऊन आल्या होत्या.

जालन्याच्या स्टेशनात गाडी लागली, तेव्हा मला राहवलं नाही. "बाई, निरोप मला..."

"ठाऊक हाय. माळी त्याच दिवशी बोल्ला."

"मंग तुम्ही खोटं का बोलल्या?"

"तू मला भ्याली म्हणून ती बाई मेली. ते भ्यायला मीच शिकवलं." त्यांनी मान ताठ केली. "आमी इंग्लिश लोक आपला दोष दुसऱ्याच्या गळ्यात बांधत न्हाई." मग थांबून हळू म्हणाल्या, "न्हाई सुशीला, बांधतात. लई बांधतात. मी बांधणार न्हाई. जा आता, वॉर्डात बाया वाट पाहून राहिल्या."

दोन वर्षांनी त्या तिकडं वारल्याचं पत्र आलं. तोवर त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली होती. डॉक्टरांनी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाले, नर्स चांगली होती, पण त्या एका दिवशी चुकली. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी त्या दिवशीही गप्पच राहिले.