नदीपलीकडची बस

बस आगाराच्या कचेरीत सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा त्याच आगारात कंडक्टर. तिचं निम्मं आयुष्य हरवलेल्या सामानाच्या खिडकीत गेलं. छत्री कुठल्या बसमध्ये सापडली, हे तिला कागद न बघता आठवायचं. मग ती खिडकी बंद झाली आणि साहेबांनी वहिनीला उचलून थेट कॉम्प्युटरपुढे बसवलं. आता बोला!

काम म्हटलं तर सोपं. तिकिटांच्या मशीनमधले आकडे पिव्होट टेबलात, म्हणजे आपोआप बेरजा मांडणाऱ्या तक्त्यात, यायचे. मार्गाचं नाव, त्याखाली सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि समोर महिन्याचे प्रवासी. ज्या मार्गाचे एकूण प्रवासी दहा हजारांच्या वर, तेवढेच ठेवायचे. बाकीचे मार्ग बंद होणार होते.

वहिनीने फिल्टर लावून बाकीचे मार्ग गाळले आणि उरलेली यादी वाचली. यादीत नदीपलीकडची बस नव्हती. नवऱ्याची बस! मार्ग बंद झाला तर त्याला आगाराच्या फाटकावर बसवणार, हे उघड होतं. आणि हा माणूस असा, की चार लोकांशी बोलल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

छे, असं कसं होईल? रोज घरी आला की बूट काढता काढता तो सुरू व्हायचा, "अगं, काय ती गर्दी! पाय ठेवायला जागा नाही." घसा पार बसलेला असायचा. मग ही सगळी माणसं गेली कुठे? तिने फिल्टर काढला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाजाराची बससुद्धा गायब, जिच्यात ती स्वतः रोज लोंबकळत येते!

शेजारच्या टेबलावर पगाराचं काम बघणारी बाई बसायची. ती उठून आली. "वहिनी, फिल्टर लावताना क्लिक कुठे केलंत?"

"इथे. 'सकाळ'वर."

"तिथेच घोळ झाला. प्रत्येक पाळी वेगवेगळी चाळली गेली. एकेका पाळीत दहा हजार नाहीत, म्हणून या बस उडाल्या. मार्गाच्या नावावर क्लिक करा. म्हणजे तिन्हींची बेरीज धरून चाळेल."

वहिनीला अर्धं कळलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण केलं तिने तसं. बाजाराची बस आली, शाळेची आली. नदीपलीकडची काही आली नाही.

"अजून काहीतरी चुकतंय."

"नाही हो वहिनी."

"चुकतंयच!" वहिनी ओरडलीच. तिने फिल्टरच काढून टाकला आणि नदीपलीकडची ओळ शोधली. महिन्याची शंभरीसुद्धा धड भरत नव्हती. दुपारची पाळी जवळजवळ रिकामी. तिकिटांचं मशीन तर नवऱ्याच्याच गळ्यातलं, आकडे खोटे कसे असतील? मग ती गर्दी कुठली? घसा कशाने बसायचा? तिला काही म्हणता काही कळेना. तेवढ्यात साहेब दारात आले, "झालं का?" ती "झालं" म्हणाली आणि यादी पाठवून दिली.

संध्याकाळी नवरा आला. "अगं, आज तर काय ती गर्दी..."

"अहो, यादी मीच केली."

एक बूट हातात घेऊन तो तसाच थांबला. "नाही आली?"

"नाही. चारदा बघितलं." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मग घसा कशाने बसतो हो तुमचा?"

"ड्रायव्हरशी बोलून. तो पुढे, मी मागे, मधली सगळी बाकं रिकामी. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझी खिडकी गेली, त्यात माझं रडगाणं कशाला?" तो थोडा हसला. "मग कळलं, हे काम तुझ्याकडे दिलंय. म्हटलं, तुझं त्या कॉम्प्युटरशी कधी जमत नाही. घालशील काहीतरी गोंधळ, साहेब ती यादीच रद्द करतील, राहील आपली बस."

वहिनीने कपाळावर हात मारला. "घातला होता हो," ती रडत म्हणाली, "बाजाराची बससुद्धा उडवली होती! पगाराचं काम बघणाऱ्या बाईचं ऐकून निस्तरला मी."